मुलीचं वय

"मेलेलं मूल वाढतं का, बुवा?"

हे विचारताना श्रीनिवास देवणीकर अजून उभेच होते. चपला तेवढ्या पायरीखाली काढल्या होत्या.

अच्युतबुवा मठीच्या ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. आवारात चिंचेची जुनी झाडं होती. फाल्गुन लागला की बुवांचे दिवस यातच जात. टरफलं एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या बाजूला, गर टोपलीत.

"बस," बुवा म्हणाले.

"बसायला वेळ नाही. बाहेर जीप थांबलीय."

"तरी बस. उभ्या माणसाला खरं उत्तर देता येत नाही."

देवणीकर बसले. शर्टाची इस्त्री मोडू नये असे, खांबाला न टेकता.

तालुक्याच्या अध्यापक विद्यालयाचे ते प्राचार्य. बालमानसशास्त्र हा त्यांचा विषय. मूल जन्मल्यापासून वयात येईपर्यंत कसं वाढतं, यावरचं त्यांचं पुस्तक जिल्ह्यातले होणारे शिक्षक अभ्यासत. लोक त्यांना सर म्हणत. बुवा मात्र श्रीनिवासच म्हणत. आईचं बोट धरून ते या मठीत यायचे तेव्हापासून बुवा त्यांना ओळखत होते.

"आता सांग," बुवा म्हणाले. "वाढतं असं कोण म्हणतं?"

"माझी बायको."

बुवांनी बाहेर पाहिलं. फाटकाजवळ जीप होती. पलीकडे चिंचेच्या पारावर एक बाई पाठमोरी बसली होती. खांद्यावरून पदर घेतलेला. जवळ कापडी बॅग.

"तिला बाहेर का बसवलंस?"

"आधी मला बोलायचंय. मग तुम्ही तिला समजावा. माझं ती ऐकत नाही."

"काय समजावू?"

"की आता पुरे. थांबव म्हणावं हे."

बुवांनी एक चिंच फोडली. चिंचोका उडून पायरीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"पहिल्यापासून सांग."

देवणीकरांनी सांगितलं. सांगताना आवाज वर्गातला ठेवला.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मुलगी झाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात. जन्मली तीच अशक्त. श्वास नीट घेता येईना. डॉक्टरांनी शर्थ केली. बारशाची तयारी घरी करून ठेवली होती, पाळणा शेजारून आणला होता. त्याच्या आधीच ती गेली. त्यांची बायको शैलजा तेव्हा दवाखान्यातच होती, तापात. पुन्हा मूल होणं तिच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

"झालं ते वाईट झालं," देवणीकर म्हणाले. "पण झालं. मी तेराव्या दिवशी वर्गावर गेलो."

"आणि ती?"

"ती..." देवणीकर थांबले. "तिनं मूल वाढवायला घेतलं."

बुवांचा हात टोपलीतच राहिला.

"पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. पाच-सहा महिने झाले असतील. एकदा कॉलेजातून घरी आलो तर तिनं खीर केली होती. मी विचारलं, आज काय? म्हणाली, उष्टावण. एक घास वाटीत वेगळा काढला होता. मी ताटावरून उठलो."

"मग?"

"मग एकदा पाहिलं तर स्वयंपाकघरातली खालची फळी रिकामी. कपबशा, सुरी, रॉकेलची बाटली, सगळं वरच्या फळीवर. का, तर ती आता रांगायला लागली असती. हाताला लागलं असतं."

"असती म्हणाली? की, लागली म्हणाली?"

देवणीकरांनी आठवून पाहिलं. "असती म्हणाली."

"हं."

"तिला वेड लागलेलं नाही, बुवा. तेच तर आहे. वेड लागलं असतं तर औषध दिलं असतं. ती शिवणाचे क्लास घेते. बाजार करते. पाहुण्यांचं बघते. कुणाला शंका येत नाही. पण दर वर्षी एक फ्रॉक शिवते. त्या वयाच्या मापाचा. घरात ठेवत नाही, कुणाच्या तरी पोरीला देऊन टाकते. पुढच्या वर्षी थोडा मोठा."

बुवांनी टरफलं बाजूला सारली.

"मला त्रास होतो," देवणीकर म्हणाले.

"मला एक समजावून दे," बुवा म्हणाले. "मी कधी मूल वाढवलं नाही. मूल वाढतं म्हणजे नेमकं काय काय होतं? तू शिकवतोस ना ते?"

देवणीकरांना हा प्रश्न सोयीचा वाटला. ते जरा सैलावले, खांबाला टेकले.

"जन्मल्या जन्मल्या त्याला लांबचं दिसत नाही. दूध पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढंच नीट दिसतं. दीडेक महिन्यानं ते माणसाकडं बघून हसतं. मग बसतं. मग परक्या माणसाला पाहून रडतं, म्हणजे आपलं कोण ते त्याला कळायला लागलेलं असतं. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट होते. त्याआधी एखादी वस्तू रुमालाखाली झाकली, की मुलाला वाटतं, ती गेली. ते तिला शोधत नाही. पण आठवा-नववा महिना लागला, की रुमाल ओढून बघतं. दिसत नसली तरी ती आहे, हे त्याला कळतं."

"दिसत नसली तरी आहे..."

"हो. फार मोठी पायरी आहे ती. पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं."

"आणि एखाद्याला ते कळलंच नाही तर?"

"तर त्याची वाढ तिथं अडली असं समजायचं."

देवणीकर हे सहज बोलून गेले. वर्गात हजारदा बोलले होते. पण वाक्य संपल्यावर त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा त्यांच्याकडे पाहत नव्हते. चिंचेच्या शिरा काढत होते.



"पुढं सांग," बुवा म्हणाले.

"पुढं... पुढं चालतं, बोलतं." आवाजातला वर्ग गेला होता. "तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रश्न विचारून जीव खातं. पाऊस कुठून येतो, चंद्र आपल्याबरोबर का चालतो. मग शाळा. दुधाचे दात पडतात. मैत्रिणी होतात. मैत्रीण आईपेक्षा खरी वाटायला लागते. सात-आठ वर्षांचं झालं, की मेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याला कायमचं कळतं. आणि अकरा-बारा वर्षांचं झालं..."

"झालं की?"

"दार लावून घ्यायला लागतं."

"हे सगळं तुझ्या घरात झालं?"

"माझ्या घरात काहीच झालं नाही, बुवा. माझ्या घरात एक बाई स्वयंपाक करताना एकटीच चंद्राचं उत्तर देत होती, आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतो."

"तू कधी विचारलंस, कुणाशी बोलतेस?"

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

बुवांनी टोपली बाजूला सरकवली. गुडघ्यावर हात ठेवून बसले.

"इतकी वर्षं सोसलंस. मग आज काय झालं, जीप करून यायला?"

देवणीकरांनी मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात विद्यालयात त्यांचं व्याख्यान होतं. विषय वयात येणारी मुलं. बाहेरगावचे शिक्षक आले होते, शिक्षणाधिकारी होते. घरचं माणूस म्हणून शैलजाही पुढच्या रांगेत होती. व्याख्यान संपल्यावर एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, या वयाची मुलं आईवडिलांना नेमकं काय विचारतात? देवणीकर उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात शैलजा उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली..." देवणीकरांनी फाटकाकडे पाहिलं. "म्हणाली, आमची विचारते, बाबा माझ्याशी का बोलत नाहीत."

बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं बिडी पेटवली. काडी ओढल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला.

"आम्हाला मूल नाही हे सभागृहात बहुतेकांना ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या शिक्षिकेनं डोळ्यांना पदर लावला. मी आभार न मानताच खाली उतरलो. घरी गेल्यावर मी तिला म्हटलं, तू तुझ्या भावाकडे नांदेडला जा."

"किती दिवस?"

देवणीकर जीपकडे पाहत राहिले.

"तिला कळलंय?"

"बॅग तिनंच भरली. का म्हणून विचारलंही नाही. आज सकाळी निघताना मला वाटलं, वाटेत तुमची मठी आहे. एकदा विचारून पाहावं. तुम्ही सांगितलं आणि तिनं ऐकलं, तर... जीप परत वळवता येईल."

"म्हणजे तुझी इच्छा आहे वळवायची."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही म्हटलंस," बुवा म्हणाले. आणि बाहेर पाहून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, आत ये. उन्हात का बसलीस?"

शैलजा उठली. बॅग तिथंच ठेवून आली. उंचीनं लहान, हातांवर सुईच्या कामानं आलेले घट्टे. बुवांच्या पाया पडली आणि नवऱ्यापासून थोड्या अंतरावर बसली. चिंचांचा ढीग समोर होताच. कुणी न सांगता तिनं एक चिंच उचलली आणि टरफल काढायला लागली.

बुवांनी तिला तीन-चार चिंचा फोडू दिल्या. मग कुठल्याही लेकुरवाळीला विचारावं तसं विचारलं,

"मुलगी कुठंय?"

देवणीकर ताठ झाले.

शैलजानं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बुवांकडे. थट्टा नाही, हे तिला दिसलं असावं.

"घरी राहिली," ती म्हणाली. "येत नाही म्हणाली. हल्ली आमच्याबरोबर कुठं येत नाही ती."

"वय झालं."

"हो. तेरावं लागलं. मी काही विचारलं की, तुला नाही कळणार, म्हणते. पूर्वी सगळं सांगायची. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी सांगायला सुरुवात. आता..." तिनं चिंचेची शीर अलगद ओढून काढली. "आता मला तिच्या मनातलं कळत नाही, बुवा. मी पाहायला जाते आणि ती पाठमोरी असते. परवा तर मला तिचा चेहराच आठवेना. एवढी वर्षं रोज पाहिलेला चेहरा."

"मुली अशाच दूर जातात."

"ठाऊक आहे. माझी आईही हेच म्हणायची." ती किंचित हसली. ते हसू लगेच विरलं. "पण इतर आयांजवळ नंतर काहीतरी राहतं ना. मुलगी सासरी जाते, सणाला येते. माझी ही आता गेली की गेलीच. माझ्याकडून तिचं करायचं सगळं करून संपलं. मी आत्तापर्यंत तिला धरून आणलं. याच्या पुढचं तिचं तिलाच चालायचंय, आणि तिथं मला जाता येत नाही."

देवणीकर तिच्याकडे पाहत होते. हे सगळं ते पहिल्यांदा ऐकत होते.

"सूनबाई," बुवांनी हळूच विचारलं, "ती नाही, हे तुला ठाऊक आहे ना?"

"मला नसेल तर कुणाला असेल, बुवा?" शैलजा शांतपणे म्हणाली. "ती गेली त्यानंतरही मला दूध येत होतं. कितीतरी दिवस. चोळी भिजायची. माझ्या अंगाला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्रंदिवस ते वाट बघायचं. कोबीची पानं बांधली, गोळ्या घेतल्या. शेवटी मी म्हटलं, अंगाला नाही पटत तर नाही पटत. ते तिला वाढवू म्हणतंय, तर वाढवू दे. मी त्याला अडवलं नाही, एवढंच केलं."

शैलजानं हातातला गर टोपलीत टाकला.

"यांना त्रास झाला," ती म्हणाली. "सभेत मी बोलायला नको होतं. यांचा अपमान करायचा नव्हता मला. पण ती खरंच विचारते. वर्ष झालं विचारतेय. लहानपणी कधी विचारलं नाही. आता मोठी झाल्यावर पोरं विचारतात ना, मी जन्मले तेव्हा कसं होतं, मी कशी दिसत होते. तसं. मला जेवढं ठाऊक ते मी सांगितलं. पण पुढचं मला ठाऊक नाही. मी तापात होते. डोळे उघडले तेव्हा शेजारची तिची खाट रिकामी होती आणि हे घरी गेलेले होते. बाबांनी मला कुठं नेलं, म्हणून विचारते. काय सांगू? मला यांनी कधी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस?"

"यांच्या तोंडाकडे पाहून विचारवलं नाही."

बुवा देवणीकरांकडे वळले. बराच वेळ पाहत राहिले.

"श्रीनिवास... पोर विचारतेय."

देवणीकरांनी ओठ घट्ट मिटले. मग उठायला लागले. अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"एसटीनं नेलं," ते म्हणाले.

शैलजाच्या हातातली चिंच थांबली.

"दवाखान्याची गाडी मिळत होती. मीच नको म्हटलं. गाडीवाल्याशी काय बोलायचं... दुपट्यात गुंडाळून दिलं होतं. तुझ्या आईनं शिवलेलं, ते पिवळं. मी तशीच घेतली आणि स्टँडवर आलो. कुणाला सांगितलं असतं तर बसमध्ये घेतलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. जिवंत लेकराला धरतात तशी धरून बसलो."

ते थांबले. बुवांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. देवणीकरांनी त्याला हात लावला नाही.

"खिडकीशी एक म्हातारी होती. लेकीकडे निघालेली. बाळंतीण कुठंय, म्हणाली. दवाखान्यात, म्हटलं. मग एवढंसं लेकरू घेऊन भर उन्हाचं कुठं निघालात, म्हणाली. म्हटलं, घरी."

"ऊन लागलं का तिला?" शैलजानं विचारलं.

"नाही." देवणीकरांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही लागलं. त्या म्हातारीनं खिडकीला पदर धरला होता. आपलं गाव येईपर्यंत धरून बसली. हात दुखला असेल तिचा. रस्ता खराब होता, गचके बसत होते. मी उतरायला लागलो तेव्हा म्हणाली, गुणी आहे हो तुमचं लेकरू... एवढ्या धक्क्यांत एकदाही रडलं नाही."

शैलजानं तोंडावर पदर धरला. आवाज केला नाही.

"मी हो म्हटलं. काय म्हणणार... मग नदीकडे गेलो. कॉलेजच्या रस्त्याला पूल आहे ना, त्याच्या अलीकडे, करंजाखाली. माझा मावसभाऊ आला होता, त्यानं खणलं. मी ठेवली. माती ओढली. वर दगड ठेवले, कुत्री येतात म्हणून."

"कॉलेजच्या रस्त्याला?" शैलजाचा आवाज पदराआडून आला.

"हो."

"म्हणून लातूरची बढती नको म्हणालात?"

 देवणीकरांनी उपरण्यासारखा खांद्यावर टाकलेला रुमाल हातात घेतला, पण डोळे पुसले नाहीत.

"मला जमलं नाही, शैलजा," ते म्हणाले. "तू खीर केलीस, त्या दिवशी मी ताटावरून उठलो. बाहेरच्या खोलीत जाऊन मी पण प्रयत्न केला. म्हटलं, बघू. सहा महिन्यांची झाली असती तर कशी दिसली असती. मला सगळं ठाऊक होतं, कुठल्या महिन्यात काय येतं ते. पण ती मोठी होईना. दर वेळी तेवढीच. त्याच दुपट्यात. मी जगातल्या सगळ्या मुलांचं वाढणं शिकवलं आणि मला ती एका दिवसानंसुद्धा वाढवता आली नाही. तुझी चालायला लागली, शाळेत गेली... मला तुझा राग यायचा."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार होतो?"

"हेच."

ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. चिंचोक्यांच्या ढिगावर पडून ते चमकत होतं. बुवा हललेही नाहीत. त्यांनी या दोघांकडे पाहणंही सोडून दिलं होतं. मठीत आणखी कुणी नसावं, असे ते दोघं बसले होते.

खूप वेळानं देवणीकरांनी विचारलं,

"तू... काय म्हणतेस तिला?"

शैलजा दचकली.

"बारसं झालं नव्हतं," देवणीकर म्हणाले. "मला नाव ठाऊक नाही. तू इतकी वर्षं तिला काहीतरी म्हणत असशील. हाक मारत असशील."

शैलजा उठली. पदरानं हात पुसले. नवऱ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसली, आणि बारशाला आत्या पाळण्यावर वाकते तशी वाकून तिनं त्यांच्या कानात नाव सांगितलं.

बुवांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी कान दिला नव्हता.

देवणीकरांनी ते नाव एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडताना त्यांना नीट रडता येत नव्हतं. श्वास अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. शैलजानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.  तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं वाहू दिलं.

मग ती उठली आणि बुवांच्या पाया पडली.

"येते, बुवा."

"ये."

देवणीकरही उठले. शर्ट चुरगळला होता, पाठीला खांबाचा चुना लागला होता. त्यांनीही वाकून नमस्कार केला. काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"बुवा, मी ज्यासाठी आलो होतो..."

"ते तू विचारलंस. मूल वाढतं का म्हणून."

"हो."

"सूनबाईची वाढली. पाहिलंस ना?"

"आणि माझी?"

 बुवा काठी घेऊन उठले आणि दोघांबरोबर फाटकापर्यंत चालत आले. चाल सावकाश होती, त्यामुळे त्या दोघांनाही सावकाश चालावं लागलं.

पारावरची बॅग देवणीकरांनी उचलली. शैलजा जीपजवळ थांबली. तिनं विचारलं, तेही रस्त्याकडे पाहून,

"दादाला काय कळवायचं?"

"काही नको." देवणीकर ड्रायव्हरकडे वळले. "नांदेडला जायचं नाही. गावाकडे वळव. पुलाच्या अलीकडे जरा थांबायचं आहे."

ड्रायव्हरनं बिडी पायाखाली चिरडली. चावी लावली.

शैलजा आत जाऊन बसली. देवणीकर तिच्या शेजारी बसले. बॅग त्यांनी पायाशी ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि ते तसेच, एकावर एक, वर वळलेले, काही धरल्यासारखे राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग उजवा हात काढून त्यांनी दाराची कडी धरली. दार जुनं होतं. जोरानं ओढल्याशिवाय लागत नसे.

बुवा पुढं झाले. त्यांनी दारावर आपला हात ठेवला.

"हळू लाव, श्रीनिवास," ते म्हणाले. "आत्ता कुठं तिचा डोळा लागलाय."